बाराशे कोष

लोक माश्या मारतात, हा माणूस माश्या पोसायचा. तेही पगार घेऊन. हे सांगितलं की समोरचा हसणार, याची इतकी सवय झालेली की तो आधी स्वतःच हसून घ्यायचा आणि मग सांगायचा. केंद्रात सगळे त्याला माशीबुवा म्हणत. कागदोपत्री त्याला एक नाव होतं, पण कुणी ते मोठ्यानं पुकारलं असतं तर बुवांनी स्वतःच मागे वळून पाहिलं असतं, कोणाला हाक मारताहेत म्हणून.

केंद्र म्हणजे वस्तीच्या बाहेर ओळीनं सहा काचघरं, एक लांबट दुमजली इमारत, आणि इमारतीच्या मागच्या अंगाला खोली नंबर चार. काचघरांत भाज्या-फुलांचे प्रयोग चालायचे आणि खोली नंबर चारमध्ये बुवांच्या माश्या. आता माशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उकिरडा आला असेल, तो आधी बाजूला सारा. ही माशी वेगळी. अंगावर पिवळे-काळे पट्टे, दिसायला मधमाशीची चुलतबहीण, पण नांगी नाही, चावणं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फुलासमोर हवेत एका जागी थांबून राहते, मग झटकन बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते. पुस्तकात तिला सिरफिड माशी म्हणतात. बुवा म्हणायचे, आमच्या पोरी.

पोरी स्वतः पराग आणि मध खाऊन राहायच्या. खरं काम त्यांच्या अळ्यांचं. कोवळ्या शेंड्यांना हिरवा मावा चिकटतो, रस पिऊन पिऊन पानं आक्रसून टाकतो, हे कुंडीत एखादं रोप लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्या माव्याच्या ऐन मध्यात ही माशी बारीक पांढरं अंडं घालून जाते. त्यातून निघालेली अळी म्हणजे नुसतं पोट. पाय नाहीत, डोळे नाहीत. पुढचं टोक डावीउजवीकडे झुलवत चाचपडायचं, मावा लागला की उचलून धरायचा, शोषायचा आणि सालपट टाकून द्यायचं. आठ-दहा दिवसांत माव्याचे तीन-चारशे किडे फस्त करून ती पानाला चिकटते आणि तिचा कोष होतो. ज्या बागायतदारांना आपल्या काचघरात विषाची फवारणी नको असायची, ते केंद्राकडून या कोषांचे डबे न्यायचे.

म्हणजे बघा, माश्यांसाठी मावा पोसायचा, माव्यासाठी घेवडा पोसायचा, आणि घेवड्यासाठी बुवांनी राबायचं. एकोणीस वर्षं हेच. खोली गार पडली तर माश्या मरतात, कोरडी पडली तर अंडी सुकतात, आणि माश्यांना रविवार कळत नाही. म्हणून खोली नंबर चारच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या केंद्रानं बुवांना राहायला दिल्या होत्या. हुकमात स्पष्ट लिहिलं होतं: माशीचं संगोपन चालू असेपर्यंत. बुवांनी तो कागद एकदा वाचला आणि ठेवून दिला. त्या काळी संगोपन बंद पडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या दोन खोल्यांत बुवा आणि त्यांची थोरली बहीण राहायची. अक्का. आई लवकर गेली, तेव्हा अक्का चौदाची, बुवा सहाचे आणि धाकटा भाऊ पाळण्यात. तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, दटावलं, शाळेत नेऊन बसवलं, आणि त्या गडबडीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. शिवणकाम करायची. चाळिशी उलटल्यावर नजर कडेकडेनं विझत आली. दोघं इथं राहायला आली तेव्हा तिला थोडंफार दिसत होतं. तेवढ्या उसन्या उजेडात तिनं दोन्ही खोल्या हातांना शिकवून ठेवल्या. पुढं डोळे पार गेले, पण खोल्या राहिल्या. स्टोव्ह कुठं, साखर कुठं, दोरीवरचा कुठला चिमटा मोडका आहे, सगळं तिच्या बोटांना पाठ. कुणी पाहुणा ‘अहो, जपून’ म्हणाला की तिचा पारा चढायचा. म्हणायची, “आंधळी मी आहे, घर नाही.”

बुवांना ती मदतही करायची. माश्यांच्या बरण्यांना तोंडाशी मलमल ताणून वर रबर चढवायचं काम तिचं. ते इतकं घट्ट असायचं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजावं. एकदा बुवांनी सहज सांगितलं, “अक्का, या अळीला डोळे नसतात.”

“मग जेवते कशी?”

“चाचपडत.”

“पोटभर जेवते ना? मग झालं,” अक्का म्हणाली आणि पुढच्या बरणीला रबर चढवायला लागली.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग अंडी पोचट निघायला लागली. आधी शंभरात दहा, मग तीस, मग साठ. अंडं घातलं जायचं, दोन दिवस पांढरंशुभ्र दिसायचं आणि तिसऱ्या दिवशी खपली धरून बसायचं. बुवांनी ऊब वाढवून पाहिली, पराग बदलून पाहिला, पाणी उकळून गार करून दिलं. विभागाच्या मुख्य असलेल्या मॅडमनी भिंगाखाली पाहून सांगितलं, “बुवा, तुमची काही चूक नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या घरात सोयरीक चाललीय. बाहेरचं रक्त आणायला हवं.”

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. सहा आठवड्यांनी मोठे साहेब पाहणीला येणार. त्या दिवशी खोली नंबर चारमध्ये एका वेळी हजार कोष दिसले तर खोली दोन वर्षं चालू राहील. नाही दिसले तर बंद, आणि डबे बाहेरच्या कंपनीकडून मागवायचे. पत्र वाचून बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमना काळजी खोलीची होती. बुवांना काळजी खोलीच्या भिंतीपलीकडची होती. स्वतःचं काय, दुसरं काही काम मिळालं असतं, कुठंही पथारी पसरता आली असती. पण साठी पार केलेल्या, डोळ्यांनी अधू बाईला नवं घर कोण शिकवणार, आणि कुठल्या डोळ्यांनी ती शिकणार? अक्काला त्यांनी पत्राचं अवाक्षर सांगितलं नाही.

थंडीचे दिवस होते. बुवा दोन दिवस माळावर हिंडले, रानफुलांवरचा मावा धुंडाळत, आणि अडतीस रानकोष गोळा करून आणले. एवढ्या थंडीत अडतीस मिळाले हेच नशीब. आता इथं एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाहेरचं काहीही थेट आत न्यायचं नाही. आधी ते कोष दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या खोलीत ठेवायचे, माश्या निघू द्यायच्या, एकेक माशी काचेच्या नळीत घ्यायची, नीट बघायची, आणि मगच आत सोडायची. कारण रानातल्या अळीच्या मागावर एक वैरीण असते. काळी, सडपातळ, तांबड्या पायांची, गांधीलमाशीच्या कुळातली पण अगदी बारीक. बुवा तिला सुईवाली म्हणायचे. ती पोटाच्या टोकाच्या सुईनं कोवळ्या अळीच्या अंगात आपलं अंडं टोचून जाते, आणि एकटी असली तरी हजारेक अळ्यांना पुरते. अळीला पत्ता नसतो. ती खाते, वाढते, वेळेवर कोष करते. बघणाऱ्याला सगळं यथास्थित दिसतं. पण कोषातून माशी निघत नाही, सुईवालीच निघते. हा नियम बुवांनी एकोणीस वर्षांत किती जणांना घोकून घेतला असेल त्याची गणती नाही. एका पाहुण्या प्राध्यापकाला कोटाच्या खिशात फुलाची काडी होती म्हणून त्यांनी दारातून परत पाठवलं होतं.

पण त्या वर्षी वेगळ्या खोलीतला हीटर मेलेला होता. दुरुस्तीचा अर्ज वर गेला होता, आणि वर गेलेले अर्ज खाली यायला वेळ घेतात. गारठ्यात कोष ढिम्म पडून राहिले. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. बुवांनी बोटांवर हिशेब केला. माशी निघाल्यावर अंडी घालायच्या तयारीला आठवडा, अंडं फुटायला तीन दिवस, अळीला दहा, आणि हजार कोष साठायला दोन पाळ्या तरी लागणार. आज निघाल्या तर जेमतेम जमतं. आणखी आठवडा गेला तर बसा बोंबलत.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी रानकोषांची बरणी उचलली आणि खोली नंबर चारमध्ये, वरच्या फळीवर, उबेत नेऊन ठेवली. मलमल दुहेरी. रबर अक्कानं चढवलेलं. स्वतःला सांगितलं, बरणी बंद आहे, म्हणजे वेगळ्या खोलीसारखीच आहे. आपली समजूत घालायला माणसाला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

दोन दिवसांत माश्या निघाल्या. बुवा मलमलीचा कोपरा उचलायचे, नळी आत सरकवायचे, एक माशी घ्यायचे, बोळा लावायचे. तिसऱ्या की चौथ्या माशीच्या वेळी त्यांच्या मनगटाजवळून काहीतरी काळं, बारीक, वरच्या दिव्याकडे गेलं. कुंड्यांच्या ओल्या मातीत चिलटं होतातच, रोज चारदोन नाकाशी येतातच. बुवा म्हणाले, चिलट. तेवढंच. एक क्षण थांबून वर बघायला काही लागत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना बघायचं नव्हतं.

आणि पुढचे तीन आठवडे असे गेले की विचारू नका. रानातल्या माश्यांनी घरच्या माश्यांत मिसळून जी अंडी घातली ती शंभरातली पंच्याण्णव फुटली. घेवड्याच्या पानापानावर अळ्या झुलायला लागल्या. मॅडम येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, “बुवा, जिंकलात.” बुवांना कित्येक दिवसांनी अन्न गोड लागलं. अक्का म्हणाली, “बाळ्या, भिंतीला कान लावला की मला ऐकू येतात. पोरी खुशीत आहेत.” कोष मोजता मोजता सहाशे झाले, नऊशे झाले, बाराशे झाले.

पाहणीला चार दिवस राहिले असताना बुवांना पहिल्या पाळीचा एक रिकामा कोष दिसला. माशी बाहेर येते तेव्हा कोषाचं पुढचं झाकण डबीसारखं उघडतं. या कोषाचं झाकण शाबूत होतं, आणि त्याच्या बाजूला, वरच्या अंगाला, कुरतडल्यासारखं वेडंवाकडं भोक होतं. बुवा कुंडीच्या कडेवर बसले. मग दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग वर दिव्याकडे पाहिलं. दिव्याच्या जाळीवर सात सुईवाल्या शांतपणे बसल्या होत्या.

माशी निघायच्या आधी एखादा दिवस चांगला कोष काचेसारखा होतो, आतले पिवळे पट्टे दिसायला लागतात. सुईवालीचा कोष नुसताच काळवंडतो. बुवांनी पिकलेले पन्नास कोष उजेडाशी धरून पाहिले. पट्टे सहांत होते.

त्याच वेळी मॅडमकडे जायला हवं होतं. गेले नाहीत. दिव्यावरच्या सात सुईवाल्या मारल्या, रिकामे फुटके कोष उचलून चिमटीत चुरडले, आणि घरी जाऊन जेवले. मनाशी एकच चाललं होतं: साहेब येऊन जाऊ देत, एक सही होऊ दे, मग बघू. सहा काय आणि पन्नास काय, बाहेरून सगळे कोष सारखेच दिसतात.

साहेब आले. माणूस तसा सभ्य होता, घाईत होता, आणि खोलीतल्या दमट उबेनं त्याचा चष्मा सारखा धुकटत होता. पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी एका पानावरचे कोष मोजले, पानं मोजली, गुणाकार केला. “हजाराच्या वर आहेत की,” ते म्हणाले. “बुवा, तुम्ही तर कमाल केलीत.” बुवा हसले. कसं हसायला आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दोन वर्षांच्या कागदावर सही झाली.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदाच अक्काला सगळं सांगितलं, म्हणजे पत्राचं, हजार कोषांचं, सहीचं. सुईवालीचं तेवढं सोडून. अक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, “मेल्या, सहा आठवडे एवढं पोटात ठेवलंस?” आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, अगदी अचूक, आणि मग उठून चहात नेहमीच्या दुप्पट साखर घातली. त्या संध्याकाळी ती उगाचच सगळ्या फळ्या पुसत होती. दोन वर्षं म्हणजे तिच्या हिशेबानं उरलेलं आयुष्यच होतं. “आता मला इथूनच न्या,” ती म्हणाली, “चार जणांच्या खांद्यावरून.” बुवांनी चहा कसाबसा संपवला.

दुसऱ्या दिवशी डबे भरायचे होते. शंभराचा एक, असे बारा डबे. सहावा डबा बांधताना काकडीवाल्या ताईंचा फोन आला. पलीकडच्या टेकडीखाली त्यांची दोन काचघरं होती आणि अकरा वर्षं त्या बुवांचेच डबे नेत होत्या.

“बुवा, आज पोचतायत ना डबे? मावा शेंड्याला गेलाय. फवारणीवाला दारात उभाय, मी त्याला थांबवून ठेवलंय तुमच्या भरवशावर.”

“पोचतील,” बुवा म्हणाले.

फोन ठेवला, सुतळीला गाठ मारली, आणि ती गाठ त्यांना आवळवेना. या डब्यांतून ताईंच्या काकड्यांत शंभराला अठ्ठ्याऐंशी सुईवाल्या निघणार होत्या. तिथून माळावर, माळावरून पुढच्या काचघरात. रानातल्या उरल्यासुरल्या पोरीही गेल्या असत्या. बुवांना काही हरिश्चंद्र व्हायचं नव्हतं. त्यांना फक्त तो डबा हातातून पुढं सरकवता येईना. ते जिना चढून मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “डबे पाठवू नका. सुईवाली शिरलीय.”

“किती?”

“पन्नासात सहा चांगले.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कधी कळलं तुम्हाला?”

“चार दिवस झाले. पाच.”

“म्हणजे काल साहेब होते तेव्हा...”

“हो.”

मॅडम म्हणाल्या, “काल गप्प बसलात, मग आज कशाला सांगितलंत?” रागानं नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरतं म्हणे. कुणाचं उतरत असेल ते असो. बुवा जिना उतरले तेव्हा डोक्यात एकच होतं की गप्प बसलो असतो तर दोन वर्षं तर मिळाली असती. पुढं कित्येक महिने तेच डोक्यात राहिलं. खोटं कशाला सांगू, ते पस्तावले.

मॅडमनी दोन महिने मागून पाहिले. शुद्ध केलेल्या कोषांवरून पुन्हा सुरुवात करू म्हणाल्या. साहेबांनी ऐकून घेतलं नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? डोळ्यांत धूळ फेकलेल्या माणसानं दुसऱ्यांदा कशाला बघावं? सही रद्द झाली. खोली नंबर चार बंद. लागून असलेल्या दोन खोल्या महिन्याभरात रिकाम्या.

अक्काला सांगणं भाग होतं. बुवांनी सगळं सांगितलं. हीटर, वरची फळी, बरणी, दिव्यावरच्या सुईवाल्या. ती खाटेवर बसून ऐकत होती. मग तिनं एवढंच विचारलं, “ती बरणी मी बांधलेली ना?”

“हो, पण...”

“रबर सैल होतं का रे?”

“नाही अक्का. मी उघडली तेव्हा ती निसटली. माझ्या मनगटाजवळून गेली. मी बघितली. माझीच चूक.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.”

“शपथ घेऊ का?”

“नको,” अक्का म्हणाली. “लहानपणीसुद्धा तू कप फोडलास की शपथ घ्यायचास.” तिनं आपली बोटं एकमेकांवर चोळून पाहिली, दोन-तीनदा. त्यानंतर बुवांनी कितीदा सांगितलं, हात जोडून सांगितलं, पण तिच्या मनातून ते गेलं नाही. निरोप द्यायला मॅडम आल्या, त्यांच्याकडेही तिनं हाच विषय काढला. म्हणाली, “माझ्या हातानं घात झाला.”

शेवटच्या महिन्यात बुवांनी एक काम केलं, जे कुणी सांगितलं नव्हतं. बाराशे कोष एकेका नळीत घालून कापसाचे बोळे लावले आणि रोज सकाळी बघत गेले. सुईवाली निघाली तर नळी उकळत्या पाण्यात. माशी निघाली तर वेगळ्या पिंजऱ्यात. एकशे एकतीस माश्या मिळाल्या, एकही डागाची नाही. नव्या रक्ताच्या, टुकटुकीत. यांच्यावर सगळं पुन्हा उभं करता आलं असतं. पण खोली धुऊन, विषाची धुरी देऊन परत करायची होती आणि ऊब तोडायची तारीख ठरलेली होती. मॅडम म्हणाल्या, सोडून द्या. बुवांनी दुपारचं ऊन बघून पिंजरा बाहेर नेला आणि दार उघडलं. बाहेर एक फूल नव्हतं. माश्या थोडं घुटमळल्या, आणि एकेक करून खोली नंबर चारच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून जाऊन बसल्या, आतली ऊब काचेतून लागत होती म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीखाली फरशीवर मरून पडल्या होत्या; बुवांनी कुंच्यानं गोळा केल्या.

काकडीवाल्या ताईंनी डबे आले नाहीत त्याच दिवशी फवारणी करून घेतली होती. आठवड्यानं फोन आला. “बुवा, एका दिवसात साफ झाला हो मावा. अकरा वर्षं मी उगाच जिवाला घोर लावून घेतला.” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. बुवा बरं म्हणाले.

धाकट्या भावाकडे जायचं ठरलं. तिसरा मजला, एका खोलीत कपाट आडवं लावून अर्धी खोली या दोघांना. धाकटा बिचारा काही वाकडं बोलला नाही, आणि भावजय तर इतकी चांगली की तिच्यावर रागवायचीही सोय नव्हती. स्वच्छतेची आवड. रोज केर काढताना खुर्ची इकडची तिकडं, बादली तिकडची इकडं. पहिल्याच सकाळी अक्का पाण्याला गेली आणि स्टुलाला अडखळून गरम पातेल्यावर हात टेकवला. फार भाजलं नाही. भावजयीनं मलम लावलं आणि मायेनं म्हणाली, “अक्का, तुम्ही आता कशालाच हात लावू नका. काय हवं ते मला सांगा.”

पूर्वीची अक्का असती तर तिनं त्या स्टुलाचा आणि मलमाचा दोन्हींचा उद्धार केला असता. ही अक्का म्हणाली, “हो बाई, माझ्या हातांचा भरवसा नाही.” आणि जाऊन खाटेवर बसली.

बुवांना केंद्रातच काचघरांच्या कुंड्या भरायचं काम मिळालं होतं. सकाळी सातला निघायचं, दोन बस बदलायच्या, संध्याकाळी अंधारता अंधारता परत. भिंतीच्या कोणत्या वीतभर जागेवर दिव्याचं बटण आहे, मोरी किती पावलांवर आहे, हे सुट्टीच्या दिवशी त्यांनी अक्काचा हात धरून दहा-दहा वेळा दाखवलं. ती मुकाट्यानं त्यांच्याबरोबर चालायची. पाच पावलं कपाटापर्यंत, मग डावीकडे चार. हात सोडला की थांबायची, सोडलेला हात तसाच पुढं धरून, आणि बुवा पुन्हा येईपर्यंत हलायची नाही. महिनाभरानं त्यांनी शिकवणं बंद केलं.

एका संध्याकाळी बुवा आले, पिशवी ठेवली, कपाटाच्या कडेनं आत गेले. अक्का खाटेच्या काठावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, “दुपारपासून तशाच बसल्यात. मी दोनदा विचारलं काय हवंय, तर काही नको म्हणाल्या.”

बुवा जवळ बसले. अक्कानं त्यांची बाही चाचपून बघितली.

“आलास?”

“आलो. काय झालं अक्का?”

“काही नाही रे. मोरीकडे जायचं होतं.” तिनं आवाज खाली आणला, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. “तिला कशाला त्रास. म्हटलं, तू येशीलच.”

“अगं, नऊ पावलं तर आहे. भिंत धरून...”

“हो, नऊ,” अक्का म्हणाली. तिला पाठ होतं सगळं. ती पुढं सरकली, पाय जमिनीला टेकवले, आणि चेहरा त्यांच्याकडे वळवून, शाळेतलं पोर बाईंना विचारतं तसं तिनं विचारलं, “बाळ्या, उठू का?”

“ऊठ की,” बुवा म्हणाले.

ती उठली नाही. मग तिनं पुन्हा विचारलं, “उठू का?”